खारघरच्या टीवर उभे राहण्याआधी: नवख्यांसाठी गोल्फचे तंत्र आणि मनाचा तोल

ठाणे-नवी मुंबईत गोल्फकडे वळणारी माझ्या पाहण्यातली बहुतेक मंडळी तिशी-चाळिशी ओलांडल्यावर क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हाती घेतात, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचे बालपण क्रिकेट खेळण्यात गेलेले असते. त्यामुळे समोर निमूट पडलेला चेंडू मारणे त्यांना सुरुवातीला अगदीच किरकोळ वाटते. खरी अडचण त्या निमूट पडून राहण्यातच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो आणि विचार करायला सवड देत नाही; गोल्फमध्ये तो वाट पाहत बसतो, आणि तेवढ्या वेळात मनात नको ते सगळे येऊन जाते. एक होल म्हणजे टीपासून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेपासून, झेंडा लावलेल्या खळग्यापर्यंतचा टप्पा. शंभर फटक्यांत १८ होल पूर्ण करणाऱ्याचा प्रत्यक्ष फटके मारण्यात जाणारा वेळ, एका स्विंगला, म्हणजे क्लब मागे नेऊन फिरवण्याला, दीड सेकंद धरला तरी, अडीच मिनिटांच्या पुढे जात नाही. उरलेले चार तास चालण्यात, थांबण्यात आणि स्वतःशी बोलण्यात जातात. म्हणून तंत्र आणि मनाचा तोल हे दोन वेगळे विषय मी मानत नाही. मैदानावरचा संयम बहुतांशी सवयीने येतो, आणि ग्रिप (क्लबवरची पकड) जशी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) घोटून घ्यावी लागते तसाच तोही घोटून घ्यावा लागतो. पुढील सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.

पहिली पायरी: सामान आणि जागा

नियमानुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, पण नवख्याला त्यातले निम्मेही लागत नाहीत. लांब फटक्यांसाठी एक हायब्रिड, मधल्या अंतरांसाठी ७ आणि ९ नंबरचे आयर्न, जवळच्या उंच फटक्यांसाठी पिचिंग वेज, वाळूतून काढण्यासाठी सँड वेज आणि ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू घरंगळवण्यासाठी पटर एवढ्यावर पहिले काही महिने आरामात निघतात. वापरलेला अर्धा सेट घ्यायला हरकत नाही. मात्र शाफ्ट (क्लबचा दांडा) फार कडक नाही ना आणि ग्रिपचे रबर गुळगुळीत झालेले नाही ना, हे पाहून घ्यावे. ड्रायव्हरचा, म्हणजे टीवरून लांब मारायच्या क्लबचा, मोह सर्वांनाच होतो, पण तो क्लब सर्वात लांब आणि, पटर सोडला तर, सर्वात कमी कोनाचा असल्यामुळे चुका सर्वात जास्त वाढवून दाखवतो. ७ नंबरच्या आयर्नने चेंडू हवेत सरळ जाऊ लागेपर्यंत ड्रायव्हर घरी ठेवलेलाच बरा.

जागेच्या बाबतीत आपल्या भागातला सोयीचा पर्याय म्हणजे सिडकोने उभारलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स, कारण तिथे सदस्यत्व नसतानाही शुल्क भरून खेळता येते. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबसारख्या जुन्या संस्था मुख्यतः सदस्यांसाठी चालतात. शुल्क आणि वेळा बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. ठाण्याहून गाडीने ठाणे-बेलापूर रस्ता धरावा. लोकलने यायचे असल्यास ट्रान्स-हार्बर मार्गाची पनवेल गाडी खारघरला थांबते. पहाटेच्या गाडीत गोल्फची पिशवी कशीबशी मावते, परतीच्या गर्दीत मात्र सहप्रवाशांची बोलणी खावी लागतात, तेव्हा लोकलने येणाऱ्याने सहा क्लबांची हलकी पिशवीच बाळगावी.

सुरुवातीचे काही धडे प्रशिक्षकाकडूनच घ्यावेत. मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला आपले हात कुठे आहेत असे वाटते आणि ते प्रत्यक्षात कुठे असतात, यातला फरक स्वतःहून कळत नाही.

दुसरी पायरी: ग्रिप

हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका म्हणूनच लोक तो उरकून टाकतात. डावा हात आधी ठेवावा. क्लबचा दांडा तळव्याच्या मधोमध न धरता तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरका जाईल असा बोटांत धरावा आणि मग तळव्याची उशी त्याच्यावर टेकवावी. मान खाली घालून पाहिल्यास डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची हाडे, म्हणजे मुठीचे उंचवटे, दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर चेंडू बहुधा उजवीकडे वळत जाईल. नंतर उजवा हात असा आणावा की त्याच्या तळव्यातली खोलगट जागा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखी बसेल. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनी यांमध्ये होणाऱ्या खाचा उजव्या खांद्याकडे रोखलेल्या असाव्यात. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची, तिच्यात गुंतवायची की दहाही बोटे दांड्यावर ठेवायची, हा सोयीचा प्रश्न आहे. लहान हातांना गुंतवलेली पकड सहसा बरी पडते.

यानंतरचा मुद्दा दाबाचा आहे. अजिबात न धरणे म्हणजे शून्य आणि शक्य तितके आवळणे म्हणजे दहा असे मानले, तर दाब चारच्या आसपास असावा. पकड आवळली की मनगट कडक होते, मग कोपर, मग खांदे. स्विंग आखूड होतो आणि क्लबचा पुढचा भाग वेळेवर वळत नाही. मनावरचा ताण शरीरात पहिल्यांदा उतरतो तो याच जागी. पाण्यावरून मारायचे असले किंवा मागे चार माणसे पाहत उभी असली की चारचा आकडा आपोआप सातावर जातो आणि खेळाडूला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून प्रत्येक फटक्यापूर्वी एकदा मुद्दाम घट्ट आवळून मग ढिली करण्याची सवय लावावी. त्या फरकातून आपला चार कुठे आहे ते हाताला समजते.

आपल्याकडच्या दमट हवेत ग्रिपवर घामाचा थर बसतो आणि ती निसरडी होते. निसरडी ग्रिप नकळत घट्ट धरली जाते. महिन्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाचा सौम्य फेस करून ओल्या फडक्याने ग्रिप पुसाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. हातमोजाही गाडीच्या डिकीत कोंबून ठेवू नये, कारण तिथल्या उष्णतेने चामडे पापडासारखे कडक होते.

तिसरी पायरी: उभे राहणे आणि रोख धरणे

पाय खांद्याइतके रुंद ठेवावेत, गुडघे किंचित सैल सोडावेत आणि पाठीला बाक न आणता कमरेच्या सांध्यातून पुढे झुकावे. हात खांद्याखाली सैल लोंबतात तिथेच क्लब धरला जावा. मधल्या आयर्नसाठी चेंडू दोन्ही पायांच्या मध्यापासून किंचित डावीकडे असावा, वेजसाठी मध्यावर आणि ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या समोर.

रोखाच्या बाबतीत नवखे खेळाडू एक ठरलेली चूक करतात: ते पायांची रेषा थेट झेंड्याकडे वळवतात. चेंडू आपल्यापासून हातभर पुढे असतो, त्यामुळे क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, झेंड्याकडे आणि पायांची रेषा त्याला समांतर, म्हणजे झेंड्याच्या किंचित डावीकडे असायला हवी. रेंजवर दोन काठ्या समांतर ठेवून हे रोज तपासावे. मैदानावर काठ्या ठेवून फटका मारता येत नाही, तिथे अमेरिकेचे नामवंत गोल्फपटू जॅक निकलस यांची पद्धत उपयोगी पडते: चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्याच्या रेषेत, चेंडूपुढे दोन-तीन फुटांवर, एखादे वाळके पान किंवा गवताचा वेगळा ठिपका निवडावा आणि क्लबचा चेहरा त्याच्याकडे धरावा. दीडशे यार्डांवरच्या झेंड्यापेक्षा तीन फुटांवरच्या पानाकडे रोख धरणे कोणालाही सोपे जाते.

चौथी पायरी: स्विंग आणि क्रिकेटच्या सवयी

स्विंगवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे नवख्याच्या कामाचे नाही. त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. मागे जाताना हातांनी क्लब उचलू नये, छाती वळवून न्यावा. खाली येताना वजन आधी डाव्या पायावर जावे आणि खांदे त्यानंतर फिरावेत. शेवटी पोट लक्ष्याकडे वळलेले, उजवी टाच वर उचललेली आणि तोल इतका सावरलेला असावा की चेंडू खाली पडेपर्यंत तसेच उभे राहता येईल. ही तिसरी गोष्ट साधली नाही तर पहिल्या दोन्हींत कुठेतरी घाई झाली, असे खुशाल समजावे. नामवंत खेळाडूंच्या स्विंगमध्ये मागे जायला लागणारा वेळ खाली येण्याच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो, ही बाब घाईत असलेल्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

क्रिकेट खेळून आलेल्याचे दोन त्रास ठरलेले असतात. पहिला म्हणजे चेंडू उचलून देण्याची धडपड. आयर्नचा चेहरा मुळातच कललेला असतो, त्यामुळे उंची देण्याचे काम क्लब करतो. खेळाडूने चेंडूला आधी आणि जमिनीला नंतर स्पर्श करायचा असतो. उचलायला गेले की वजन उजव्या पायावर राहते आणि क्लब एक तर चेंडूच्या मागे जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या डोक्यावर बसतो. यावर सोपा उपाय असा की चेंडूच्या मागे चार बोटांवर घडी केलेला छोटा टॉवेल ठेवावा आणि तो न हलवता फटका मारावा. रेंजवरच्या मॅटवर हा सराव विशेष आवश्यक आहे, कारण मॅटवर मागे पडलेला क्लब घसरून पुढे जातो आणि फसलेला फटकाही बरा वाटतो. खऱ्या गवतावर तोच फटका वीस यार्डही जात नाही, आणि मग रेंजवर छान लागत होते, इथे काय झाले, असा प्रश्न पडतो.

दुसरा त्रास स्लाइसचा, म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळत जाण्याचा. क्लब ज्या मार्गाने चेंडूकडे येतो त्या मार्गाच्या तुलनेत त्याचा चेहरा उघडा राहिला की चेंडूला तसे वळण लागते. चेंडू सुरुवातीला कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः चेहऱ्यावर अवलंबून असते, आणि पुढे तो किती वळतो हे चेहरा व मार्ग यांतल्या फरकावर. चेंडू उजवीकडे वळतो म्हणून माणूस डावीकडे तोंड करून उभा राहतो, आणखी बाहेरून आत ओढतो, आणि वळण वाढते; हे दुष्टचक्र रेंजवर रोज पाहायला मिळते. ते तोडण्यासाठी आधी डाव्या हाताची ग्रिप तपासावी. मग चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, साधारण फूटभर मागे, पाण्याची रिकामी बाटली ठेवून हळू स्विंग करावेत. खांदे आधी फिरले तर क्लब बाहेरून येतो आणि बाटली उडते. बाटली न उडता चेंडू निघू लागला की वेग वाढवावा, त्याआधी नाही.

एका बैठकीत एकाच गोष्टीवर काम करावे. शंभर चेंडूंची बकेट घेऊन एकामागून एक धडाधड मारत सुटण्याने घाम येतो, सुधारणा होत नाही.

पाचवी पायरी: छोटे फटके, आणि घरचा सराव

पार म्हणजे निष्णात खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके. ७२ पारच्या मैदानावर प्रत्येक होलला दोन पट, म्हणजे पटरचे फटके, गृहीत धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, पारच्या बरोबर निम्मे, ग्रीनवरचे असतात. तरीही रेंजवर पटर घेऊन उभा असलेला नवखा क्वचित दिसतो. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाले, भारताची अदिती अशोक चौथी आली आणि तिचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. जागतिक क्रमवारीत ती तेव्हा दोनशेच्या आसपास होती आणि सोबतच्या खेळाडूंचे ड्राइव्ह तिच्यापेक्षा बरेच पुढे पडत होते. तिने ती बरोबरी पटरवर साधली.

पटिंगमध्ये दिशेपेक्षा अंतर जास्त महत्त्वाचे असते. तीस फुटांवरून दिशा चुकून चेंडू दोन फूट बाजूला गेला तर फारसे बिघडत नाही, पण जोर चुकला तर तो सात फूट पुढे किंवा मागे राहतो. मैदानावर पोहोचल्यावर पहिल्या टीकडे जाण्याआधी दहा मिनिटे लांब पट मारून त्या दिवशीच्या ग्रीनचा वेग हाताला कळू द्यावा.

लहान पट घरी घोटता येतात. नियमानुसार होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो. आपल्या नेहमीच्या फुलपात्राचे तोंड होलपेक्षा बरेच लहान असते. ते सतरंजीवर आडवे ठेवून चार-पाच फुटांवरून त्यात चेंडू घालण्याचा सराव केला की खरा होल ऐसपैस वाटू लागतो. चेंडूच्या पुढे हातभर अंतरावर दोन पुस्तके चेंडू जेमतेम जाईल इतक्या फटीने ठेवली तर रोखही सुधारतो. चिपिंगसाठी, म्हणजे ग्रीनच्या जवळून मारायच्या छोट्या फटक्यांसाठी, सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकचे पोकळ चेंडू वापरावेत आणि सचिवांना आधी सांगून ठेवावे. पूर्ण स्विंग मात्र घरात करू नये. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात पंख्याची उंची आणि ७ नंबरच्या आयर्नची झेप यांचे गणित जुळत नाही.

चिप करताना चेंडू कुठे थांबेल याऐवजी तो पहिल्यांदा कुठे टेकेल ते ठरवावे. ग्रीनच्या कडेपासून पाऊलभर आतली जागा निवडावी, तिथे चेंडू टाकावा आणि उरलेले अंतर त्याला घरंगळू द्यावे.

सहावी पायरी: मनाचा तोल

दडपणाखाली काय होते याचे सर्वात बोलके उदाहरण १९९९ च्या ब्रिटिश ओपनमधले आहे. स्कॉटलंडमधील कार्नुस्टी येथे शेवटच्या होलवर आलेल्या फ्रान्सच्या जाँ व्हान द व्हेल्ड याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. चार पारच्या त्या होलला सहा फटके लागले असते तरी तो जिंकला असता. त्याने टीवर ड्रायव्हर काढला. चेंडू भलतीकडे जाऊनही सुदैवाने बऱ्या जागी राहिला होता, पण दुसरा फटका त्याने बेताने न खेळता थेट ग्रीनकडे मारला. तो प्रेक्षकांच्या स्टँडला लागून गर्द गवतात परतला, पुढचा ओढ्यात गेला, त्यानंतरचा बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. बूट-मोजे काढून ओढ्याच्या पाण्यात उतरलेला त्याचा फोटो आजही दाखवला जातो. सात फटक्यांनंतर तो बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये गेला आणि तिथे पॉल लॉरी जिंकला. त्याचा स्विंग त्या एका होलवर बिघडला असे मला वाटत नाही. बिघडली ती निवड. नवख्याच्या बाबतीतही हेच घडते, फक्त पाहायला प्रेक्षक नसतात.

त्यामुळे निर्णय आणि फटका यांच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात. चेंडूच्या मागे तीन पावलांवर उभे राहून सर्व विचार तिथेच संपवावा: अंतर किती, वारा कोणीकडचा, चेंडू कसा पडला आहे, कोणता क्लब, पुढचे पान कोणते. क्लब बदलायचा तर तिथेच बदलावा. मग तोंडाने एक लांब श्वास सोडावा, कारण श्वास सोडताना छातीची धडधड मंदावते, आणि पुढे येऊन उभे राहावे. ग्रिप एकदा आवळून सोडावी, पानाकडे पाहावे, लक्ष्याकडे पाहावे, फटका मारावा. चेंडूशी पोहोचल्यावर मनात पुन्हा शंका आली तर तसेच न मारता मागे यावे आणि पुन्हा सुरू करावे. या सगळ्याला वीस-पंचवीस सेकंद पुरतात; नियमांत फटक्यासाठी सुचवलेली मर्यादा ४० सेकंदांची आहे. रेंजवर प्रत्येक बकेटमधले शेवटचे वीस चेंडू, दरवेळी क्लब बदलून, हा पूर्ण क्रम पाळूनच मारावेत. क्रम अंगवळणी पडलेला नसेल तर मैदानावर तो आठवण्याचेच एक नवे ओझे होते.

फटका बिघडल्यावर राग येणारच, आणि तो येऊ नये असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्याला दहा पावलांची मुदत द्यावी. तेवढ्यात काय चुकले ते मनात म्हणावे, हवे तर एक शेलकी शिवी पुटपुटावी, मग क्लब पिशवीत ठेवावा आणि विषय बंद करावा. दोन फटक्यांच्या मधल्या चालण्यात पुढच्या फटक्याचा विचार करू नये. डोंगर पाहावा, सोबत्याशी गप्पा माराव्यात, पाणी प्यावे. चार तास एकाग्र राहणे कोणालाच जमत नाही.

झाडीतून चेंडू काढताना दोन खोडांमधल्या फटीतून मारण्याचा मोह होतो. तो फटका दहापैकी सात वेळा जमेल असे वाटत नसेल तर आडवा मारून फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) यावे.

अपेक्षाही आधीच ठरवून ठेवाव्यात. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. जागतिक हँडिकॅप पद्धतीत कमाल हँडिकॅप ५४ आहे, म्हणजे १८ होलवर प्रत्येकी तीन जादा फटके. त्या हिशेबाने चार पारच्या होलवर नवख्याचा पार सात होतो. स्कोअरकार्डावर हा आपला पार आधीच पेन्सिलने लिहून ठेवला की सहा फटके लागल्यावर माणूस चिडत नाही, खूश होतो, आणि पुढच्या टीवर ग्रिप सैल राहते.

सातवी पायरी: मैदानावरचा पहिला दिवस

पहिल्यांदा नऊच होल खेळावेत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी पहिल्या वेळेला सुरुवात करावी. तहान लागण्याची वाट न पाहता दर दोन होलनंतर पाणी प्यावे, कारण शेवटच्या तीन होलवरची चिडचिड पुष्कळदा पाण्याअभावी झालेली असते. पिशवी उचलणाऱ्या कॅडीदादांना आपण नवे आहोत हे सुरुवातीलाच सांगावे. कोणत्या ग्रीनचा उतार फसवा आहे हे त्यांना पाठ असते, मात्र क्लब कोणता हे त्यांना आपले दोन-चार फटके पाहू दिल्यावरच विचारावे.

नियमांपैकी थोडेच सुरुवातीला लागतात. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटे मिळतात. तो सापडणार नाही असे वाटले तर तसे जाहीर करून आधीच दुसरा, म्हणजे प्रोव्हिजनल चेंडू मारून ठेवावा. लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या हद्दीत चेंडू गेला आणि तो तिथून खेळायचा नसेल तर एक दंडाचा फटका घेऊन बाहेर टाकावा, आणि टाकताना तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता मोठ्याने ‘फोर’ ओरडावे. ग्रीनवर पडलेला खड्डा दुरुस्त करावा, बंकरमधली वाळू सारखी करावी. मागचा गट ताटकळत असेल आणि पुढे होल रिकामा असेल तर त्यांना पुढे जाऊ द्यावे. मागे कोणी खोळंबले आहे या जाणिवेने जितके फटके बिघडतात तितके बंकरनेही बिघडत नाहीत.

पावसाळ्यात खेळ वेगळाच होतो. ओल्या फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही, म्हणून नेहमीपेक्षा एक क्लब मोठा घ्यावा. चिखलात क्लब जरा मागे पडला तरी फटका मरतो, तेव्हा टॉवेलचा सराव जूनपूर्वीच पक्का झालेला असावा. दोन सुके हातमोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. विजा चमकू लागल्या की होल अर्धा सोडून आत यावे. झाडाखाली उभे राहू नये आणि क्लब हातात धरून तर मुळीच थांबू नये.

खेळून झाल्यावर कार्डाच्या मागे चारच आकडे लिहावेत: एकूण पट, दंडाचे फटके, जमिनीत रुतलेले किंवा डोक्यावर लागलेले फटके, आणि शंका असतानाही मागे न येता मारलेले फटके. चौथा आकडा लिहायला जरा प्रामाणिकपणा लागतो. चार-पाच कार्डे साठली की त्यांतला जो आकडा सर्वात हट्टी दिसेल, पुढच्या बकेटचे पहिले पन्नास चेंडू त्याच्यासाठी राखून ठेवावेत.